भांड्यावर कुणाचं नाव घालू?

एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागे दुसरा उभाच असतो! सन तिसाच्या पुढची काही वर्षं मी नाशकात, भांडी बाजारात, तांब्या-पितळेच्या दुकानात नोकरीला होतो. आमचे शेठ शांत. गिऱ्हाइकं मात्र शांत नव्हती!

*

नवरात्राच्या तोंडावर एक काकू आल्या. "घागर दाखवा. देवीपुढे फुंकायची आहे."

दाखवली. काकूंनी तिथेच तोंडाला लावून फुंकली. भोंऽऽ! "ही नको, हिचा घसा बसलाय." दुसरी फुंकली, तिसरी फुंकली. रस्त्यावर ही गर्दी! एका म्हातारबुवांनी तर हात जोडले.

शेठ हळूच म्हणाले, "काकू, अंगात यायच्या आत एक पसंत करा!"

*

चांदवडकडच्या एका पाहुण्यांना अंघोळीचं पाणी काढायला घंगाळ हवं होतं. मी सगळ्यात मोठं पुढे केलं, तर गडी सरळ आत जाऊन बसला. आणि अडकला! शेठनी घंगाळ धरलं, मी पाहुण्यांना ओढलं.

"अहो, पाणी आत ठेवायचं, आपण बाहेर बसायचं!"

पाहुणे धोतर झटकत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. ह्याच्याहून मोठं हाय का?"

*

एक गृहस्थ तांब्या परत घेऊन आले. "गळतो."

आम्ही तो काठोकाठ भरून समोर ठेवला. त्यांचा चहा झाला, पान झालं, गावच्या गप्पा झाल्या. थेंब नाही!

"कुठे गळतोय, साहेब?"

"इथे नाही गळत. आमच्या घरी गळतो!"

*

एक पेन्शनर पितळी डबा घेऊन अडून बसले. "गॅरंटी किती?"

"तुम्ही आहात तोवर."

"आणि मी गेल्यावर?"

"मग तुम्ही येऊ नका. मुलाला पाठवा!"

*

लग्नकार्यात भांडी बदलू नयेत म्हणून त्यांवर नावं घालायची पद्धत होती. आमच्याकडे ते काम अब्दुलचाचा करायचे. एकदा एक तरुण बाई कळशी घेऊन आल्या.

"ह्यांचं नाव घाला."

"काय नाव, बेटी?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लिहिता येत नव्हतं. मग सगळं दुकान ओळखायला लागलं. राम? नाही. गोविंद? नाही. शंकर? विठ्ठल? आम्ही देव संपवले, बाईंची मान हलतच राहिली. शेवटी त्या वैतागल्या.

"जाऊ द्या! माझंच घाला. भागीरथी!"

चाचांनी झोकात घातलं.

दुसऱ्या दिवशी एक धिप्पाड माणूस तीच कळशी काखोटीला मारून दुकानात शिरला.

"हिच्यावर नाव तुम्हीच घातलं?"

"होय," शेठ उठून उभे राहिले. "चुकलं असेल तर बदलून देतो."

त्यानं पिशवीतून स्वतःचा पाण्याचा तांब्या काढला आणि चाचांपुढे ठेवला.

"ह्याच्यावर पण घाला."

"कुणाचं नाव घालू, भाऊ?"

तो धिप्पाड गडी कानापर्यंत लाल झाला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग कळशी फिरवली, आणि त्या अक्षरांवर नुसतं बोट ठेवलं.