वाळिंबे डॉक्टरांची निअर मिंट

डॉक्टर पुरुषोत्तम वाळिंबे नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना भूल देत होते. निवृत्त झाल्यावर तेच काम ते औषधाशिवाय करू लागले. घरी कुणी चहाला आलं, की डॉक्टर त्याला जिना चढवून मागच्या खोलीत नेत आणि अलाबामातल्या कुठल्या फर्निचरच्या दुकानामागे कुठल्या साली कुणी किती रेकॉर्डी काढल्या, हे सांगायला बसत. दहाव्या मिनिटाला पाहुण्याचे डोळे जड होत. डॉक्टरांना वाटे, माणूस तल्लीन झाला.

त्या खोलीत चार हजार रेकॉर्डी होत्या. सगळ्या लहान, एका बाजूला एक गाणं मावेल एवढ्या. तीनच जातींच्या. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी म्हणजे कंट्री, तिथल्या चर्चमधली भजनं म्हणजे गॉस्पेल, आणि कंट्रीच जर गिटार बडवत, उड्या मारत म्हटलं तर रॉकाबिली. पण त्यात चार लोकांनी नाव ऐकलेला एकही गायक सापडायचा नाही. प्रसिद्ध गायकाचं नाव काढलं की डॉक्टर कपात माशी पडल्यासारखं तोंड करत. त्यांना हवे असत न्हावी, ट्रक ड्रायव्हर, फावल्या वेळात गाणारे पाद्री. म्हणजे असे लोक, ज्यांनी आयुष्यात एकदाच गायलं, गावातल्या कुणी हौशी माणसाने गॅरेजमध्ये कंपनी थाटून त्याच्या शंभर-दोनशे प्रती काढल्या, त्यातल्या निम्म्या नातेवाइकांना वाटल्या आणि गायक दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर गेला. कंपनी जितकी किरकोळ, तितका डॉक्टरांचा आनंद मोठा. अमेरिकेला ते एकदाच गेले होते, न्यू जर्सीला भाच्याकडे, आणि तिथे तीन आठवडे त्याच्या बेसमेंटमध्ये बसून रेकॉर्डींच्या याद्या वाचत होते.

गाणं ऐकायची त्यांना फारशी आवड नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. सुनेत्राबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर मंगळवारी खालच्या हॉलमध्ये चार मैत्रिणींबरोबर भजनं म्हणत. डॉक्टर तेव्हा वरून दार लावून घेत आणि "टाळ कुटणं सुरू झालं" म्हणत. अलाबामातल्या न्हाव्याचं भजन मात्र ते पांढरे सुती हातमोजे घालून हाताळत. तेसुद्धा हाताळतच. वाजवत नसत. सुई टेकली की रेकॉर्डीवर बारीक चरे येतात आणि तिची ग्रेड उतरते. जमवणाऱ्यांच्या जगात ग्रेड म्हणजे सर्वस्व. कोरी करकरीत ती मिंट, तिच्या खालोखाल निअर मिंट, मग व्हीजी प्लस, मग व्हीजी, आणि त्यापुढचं डॉक्टर उच्चारतही नसत.

त्यांच्याकडची सगळ्यांत मोलाची रेकॉर्ड होती ब्रदर एल्मर टॅगार्ट नावाच्या न्हाव्याची. पाइन होलो नावाची कंपनी, साल १९५९, दोनशे प्रती, रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर विकलेल्या. जगात आता दोनच शिल्लक. एक कुणा अमेरिकनाकडे, तिला तडा गेलेला. दुसरी डॉक्टरांकडे, निअर मिंट.

"गाणं कसं आहे हो?" असं सुनेत्राबाईंनी एकदा विचारलं होतं.

"कंडिशन अप्रतिम आहे," डॉक्टर म्हणाले.

आता डॉक्टरांचा जीव ज्याच्यात अडकला होता ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डर्बीला मिस्टर डेनिस हॉलिस नावाचे एक निवृत्त सर्व्हेयर राहत. अशा बारक्या कंपन्यांच्या रेकॉर्डींची जाडजूड सूची ते तीस वर्षं तयार करत होते, आणि ती एकदाची छपाईला निघाली होती. प्रत्येक रेकॉर्डीच्या नोंदीखाली, तिची जगातली सर्वांत चांगली प्रत कुणाकडे आहे, त्या माणसाचं नाव छापायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी आयुष्यात हजारो माणसं झोपवून सुखरूप जागी केली, पण त्यातल्या एकानेही भूल देणाऱ्याचं नाव लक्षात ठेवलं नव्हतं. पेशंट आभार मानायचे ते सर्जनचे. हे शल्य डॉक्टर कुणाला सांगत नसत, पण ते होतं, आणि खरं होतं. एका पुस्तकात, एका ओळीत, आपलं नाव यावं एवढीच त्यांची इच्छा. हॉलिस शनिवारी येऊन रेकॉर्ड स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार होते आणि मगच नाव घालणार होते. डॉक्टरांनी ती कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि दिवसातून चारदा जाऊन बघू लागले.

त्याच आठवड्यात गुरुवारी दसरा आला.

सुनेत्राबाई दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडत. विळी, शिवणाचं मशीन, गाडीची किल्ली, लॅपटॉप. डॉक्टरांचा म्हणून स्टेथोस्कोप असे. पण निवृत्तीनंतर तो गॅरेजमध्ये झाडू-खराट्याशेजारी लटकत होता, आणि ज्याला माणूस वर्षभर हात लावत नाही त्याची पूजा कसली करायची, असं बाईंना वाटलं. त्या वर गेल्या. डॉक्टर कानाला हेडफोन लावून, लीड्सच्या कुणा माणसाशी एका कंपनीच्या लेबलाचा निळा रंग गडद की फिका यावर हिरिरीने भांडत होते.

"अहो, पूजेला तुमचं काय ठेवू?"

"माझं काय म्हणजे? माझं सगळं हेच!" मान न वळवता त्यांनी हात टेबलाकडे उडवला.

बाईंनी टेबलावरची रेकॉर्ड उचलली. नवरा दिवसातून चारदा जिला बघायला येतो, ती हीच, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. खाली आणून त्यांनी ती पाकिटातून बाहेर काढली, कारण पाकिटासकट पूजा करायची पद्धत आमच्यात नाही. कडेला धरूनच काढली, डॉक्टर धरतात तशी. पाटावर ठेवून मधल्या लेबलावर ओल्या बोटाने आधी हळद लावली, मग कुंकू, वर चार अक्षता आणि बागेतला झेंडू. मनापासून नमस्कार केला. ह्यांच्या जिवाला जे प्रिय आहे ते सुखरूप राहो, असंही म्हणाल्या.

अर्ध्या तासाने डॉक्टर श्रीखंडासाठी खाली आले आणि देवघरासमोर जे काही ओरडले ते ऐकून शेजारच्या घरातला कुत्रा भुंकू लागला.

"सुनेत्रा! निअर मिंटची व्हीजी झाली!"

"म्हणजे काय झालं?"

"सत्यानाश झाला!"

मग सुरू झालं ऑपरेशन. डिस्टिल्ड वॉटर, कापसाच्या काड्या, भिंग. आता, कुठल्याही मराठी घरात कपड्यावरची हळद कधी गेली आहे? आणि या बारक्या कंपन्या लेबलाला गुळगुळीत कागद वापरत नसत. साधा, शाई पिणारा स्वस्तातला कागद. त्याने हळदही प्यायली. कुंकू पुसायला गेले तर ते पसरून त्याला शेपूट फुटलं. डॉक्टर दोन दिवस बाईंशी बोलले नाहीत. बोलले ते एकच वाक्य, श्रीखंडाची वाटी सरकवत: "एका माणसाने आयुष्यभर जपायचं आणि दुसऱ्याने एका बोटात घालवायचं." बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. रडण्यासारखंच होतं ते. चाळीस वर्षांत त्यांनी त्या खोलीतल्या वस्तूला पहिल्यांदा हात लावला होता, आणि तो पूजा करायला.

शनिवारी हॉलिस आले. डॉक्टर फाशीच्या कैद्यासारखे त्यांना वर घेऊन गेले. हॉलिसांनी हातमोजे चढवले, भिंग काढलं आणि रेकॉर्ड दिव्याखाली धरली. बराच वेळ निरखत राहिले. मग रेकॉर्ड फिरवून परत पाहिली, वास घेतला, वहीत काहीतरी लिहिलं.

हे तुमच्या लक्षात आलंच असेल, ते हलक्या आवाजात डॉक्टरांना म्हणाले. अलाबामातली माती लाल असते. हा लाल ठिपका म्हणजे नदीकाठची माती, जिथे ते लोक बाप्तिस्मा देतात. आणि हा पिवळा डाग म्हणजे अभिषेकाचं तेल, जुनं होऊन असं पिवळं पडलेलं. चर्चच्या पास्टरने स्वतःच्या बोटाने ही प्रत आशीर्वाद देऊन पवित्र केलेली आहे. दोनशेंतली ही पहिली असणार. बोट कसं ओढलंय पाहा, आणि ते शेपूट.

शेपूट डॉक्टरांच्या कापसाच्या काडीचं होतं.

खरं सांगायला डॉक्टरांना एकच वाक्य पुरलं असतं. ते बोलले, पण दुसरंच. "तुम्ही काय म्हणता, याचीच मी वाट पाहत होतो."

तेवढ्यात सुनेत्राबाई चहा आणि चिवडा घेऊन वर आल्या. त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. ट्रे ठेवत त्या हसून म्हणाल्या, "ॲक्च्युअली, मिस्टर हॉलिस, दॅट इज माय..."

"सुनेत्रा," डॉक्टर मराठीत म्हणाले, "साखर विसरलीस."

साखर ट्रेमध्येच होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि त्या खाली गेल्या. हॉलिसांनी चिवडा दोनदा मागून घेतला.

जानेवारीत पुस्तक आलं. पान दोनशे चौदा. फोटो रंगीत, आणि खाली: "पास्टरच्या आशीर्वादाची खूण असलेली एकमेव ज्ञात प्रत. डॉ. पी. वाळिंबे, नॉटिंगहॅम." डॉक्टरांनी ते पान इतक्यांदा उघडलं की पुस्तक आपोआप तिथेच उघडू लागलं. तिथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. एरवी डॉक्टर बायकांच्या कार्यक्रमाला गाडीतून उतरतही नसत. त्या दिवशी पुस्तक काखोटीला मारून आत शिरले आणि तिळगूळ घ्यायच्या रांगेत लोकांना पान दोनशे चौदा दाखवू लागले.

मंडळातल्या अर्चनाताई हातात करंडा घेऊन समोरून येत होत्या. त्यांचा चष्मा कपाळावर होता. तो खाली ओढायच्या भानगडीत न पडता त्यांनी फोटोकडे ओझरतं पाहिलं.

"अय्या, सुनेत्रा! रेकॉर्डला हळदकुंकू? हाऊ स्वीट! दसऱ्याला वाहिलंस का गं?"

हॉलिसांना भिंग लावून तास लागला होता. आजूबाजूच्या आठ-दहा बायका पुढे सरकल्या आणि प्रत्येकीने ते बघताक्षणी ओळखलं. एकजण तर म्हणाली, कुंकू ओलं होतं, म्हणून ओघळलं.

डॉक्टर ताठ झाले. "नाही हो अर्चनाताई. ते अलाबामातल्या पास्टरचं आहे. बाप्तिस्म्याची माती. एक्सपर्टने स्वतः तपासून छापलंय."

सगळ्या सुनेत्राबाईंकडे बघू लागल्या.

"एक्सपर्ट म्हणतायत ना," बाई म्हणाल्या, "मग असेल पास्टरचं. मला काय कळतंय त्यातलं."

अर्चनाताईंनी त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, जरा जास्तच ठसठशीत.

परत येताना गाडीने अर्धा रस्ता काटला. मग डॉक्टर म्हणाले, "रागावलीस?"

"नाही."

"मग?"

"त्या दिवशी तुम्ही ओरडलात ना, त्याचं मला काही नाही वाटलं. चूक झाली माझी, न विचारता पाकिटातून काढायला नको होती," बाई म्हणाल्या. "पण चुकलं तेव्हा ते माझं होतं. नावाजलं गेलं, तर पास्टरचं झालं."

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. सिग्नलपाशी त्यांचे डोळे भरून आले. घरी पोचल्यावर कोटही न काढता ते तडक वर गेले आणि त्यांनी हॉलिसांना मेल लिहायला घेतली. बाई मागोमाग पाणी घेऊन आल्या तेव्हा स्क्रीनवरची पहिली ओळ त्यांना दिसली. प्रिय डेनिस, पान दोनशे चौदावरच्या नोंदीत एक गंभीर चूक आहे, ती पुढच्या आवृत्तीत कृपया दुरुस्त करावी.

बाईंना भरून आलं. त्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. डॉक्टर दोन बोटांनी हळूहळू टाइप करत होते. दुसरी ओळ पूर्ण व्हायला बराच वेळ लागला.

माझं नाव डॉ. पी. वाळिंबे असं छापलं गेलं आहे. ते डॉ. पी. व्ही. वाळिंबे असं हवं.