भजनी मंडळाची घटना

अमेरिकेला निघाले तेव्हा ऐन मे महिन्यात निपाणीच्या स्टँडवर मी स्वेटर घालून उभी होते. तिकडे थंडी असते ना! घामाने निथळत होते, पण काढला नाही. सीमाभागातल्या सदलग्याची पोरगी परदेशी कायदा शिकायला चाललेली, रुबाब नको? माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बसच्या खिडकीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. म्हणाले, "लई शीक. पर पंगतीतनं कुणाला उठवू नको गं." मला वाटलं, म्हातारं जेवणाचं बोलतंय.

तिकडे प्रत्येक राज्याची आपली वेगळी घटना. शिकून तिथेच प्रोफेसर झाले आणि त्या वाचण्या-शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. "बहुमताला लगाम हवा," हे मी दर सेमिस्टरला असा चेहरा करून सांगायचे, की नातवंडं अजून नक्कल करतात.

रिटायर होऊन सदलग्याला परतले, बायकांच्या भजनी मंडळात बसू लागले. तिथे मराठी अभंग, कन्नड पदं, जिच्या तोंडी जे येईल ते. प्रोफेसरबाईंना हा गोंधळ कसा खपावा? एका गुरुवारी मी नियमावलीच छापून नेली आणि भाषेवर मतदान घेतलं. हात वर झाले, मराठी जिंकली, कन्नड पदं बंद. मी निकाल वाचला, तोही लेक्चरच्या आवाजात.

शाळेपासूनची माझी मैत्रीण, कन्नड पदं म्हणणारी गंगव्वा, टाळ खाली ठेवून उठली. "तुझ्या मोजणीत आमी बसत न्हाय, बाई," म्हणाली आणि चालू लागली. तिच्यामागे आणखी तिघी.

आप्पा मला त्या दिवशी कळले.

तीन गुरुवार ती आली नाही. आता कधीच आली नाही तर, या धास्तीने चौथ्या गुरुवारी मी तिच्या दारात उभी राहिले.

"आज कुठलं कलम आणलंस?"

मी नियमावली तिच्या परड्यातल्या पेटत्या बंबात घातली.

"व्हय, झकास पेटलं की! पर चहा घेतल्याबिगर मी न्हाय येणार."

आता मंडळात मतदान नाही. एखादी रुसली की टाळ थांबतो, आणि जिने रुसवलं तीच आणायला जाते. बहुतेकदा मीच.

अमेरिकेतच राहिलेले तुम्ही विचारता, घर आता कुठलं? अहो, पंगतीतून सगळ्यात आधी उठून गेले ती मीच. एवढ्या वर्षांनी आले, तर गंगव्वाने नुसतं सरकून जागा दिली. "बस. किती वेळ लावलास!"