भट्टीवाल्या मावशींचं मीठ

प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणत. अणुभट्टीतली उष्णता वाहून नेणारं फ्लोराइडचं मीठ वितळवणं हे त्यांचं काम. काचेच्या बंद पेटीला जोडलेल्या जाड हातमोज्यांत हात खुपसायचे, निकेलच्या मुशीत पांढरी भुकटी ओतायची आणि तिचं पाणी होईपर्यंत नजर हलवायची नाही. उभी हयात यात गेली, पण त्यांना कंटाळा म्हणून कधी आला नाही.

मिठाची रचना त्या नवख्यांना आपल्या भाषेत सांगत. "बेरिलियम भारी चिकट. चार फ्लोरीन कवटाळून बसतो. पुरले नाहीत की शेजाऱ्याशी वाटून घेतो, की झाली साखळी. नुसता तोच वितळवला तर मधासारखा घट्ट. मग लिथियमचं फ्लोराइड घालायचं. ज्याला त्याला आपापले चार मिळतात, साखळ्या तुटतात, मीठ वाहायला लागतं. फार जवळीक झाली की घर चालत नाही."

शेवटचं वाक्य मावशींच्या सासूबाईंसाठी असतं, असं वेल्डर म्हणायचा. वितळलेलं मीठ नळ्यांत बंद करणारा तो, आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

बेरिलियमची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून दरवर्षी रक्त तपासत. यंदा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या रक्तानं बेरिलियमला ओळखलंय, शरीर आता त्याला शत्रू मानतंय. आजार नाही अजून. पण त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"इतक्या वर्षांनी आत्ता ओळख पटली होय?" मावशींनी पुन्हा तपासायला लावलं. निकाल तोच.

"सुंठीवाचून खोकला गेला," नवरा म्हणाला. "आता घरी बस." त्या दिवशी भाजीत मीठ दुप्पट पडलं आणि तो मुकाट्यानं जेवला.

मावशी घरी बसल्या नाहीत. त्यांना सामानाच्या कोठारात टेबल मिळालं आणि भट्टी वेल्डरकडे गेली. पहिल्याच दिवशी त्यानं भट्टीच्या खोलीतून स्पीकरवर फोन लावला.

"मावशी, वितळलं बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? दिसतंय कसं?"

"काहीच दिसत नाही. मुशीचा तळ दिसतोय फक्त."

मीठ ओलसर असलं तर गढूळ दिसतं. स्वच्छ असलं तर असून नसल्यासारखं. मीठ स्वच्छ वितळलंय हे मावशींना कोठारात बसून कळलं, आणि आता ते नुसतं कळणारच, दिसणार कधीच नाही, हेही कळलं. त्यांना रडू फुटलं.

"झाकण लावू?" वेल्डरनं विचारलं.

"थांब. अजून जरा बघ. माझ्या वाटचंही बघ."

वेल्डरनं झाकण बाजूला ठेवलं आणि काचेला नाक लावून तो मुशीत बघत राहिला.