खिडकीजवळची जागा

घडलेल्या गोष्टींची बातमी देणारे वार्ताहर पैशाला पासरी मिळतात. न घडलेल्या गोष्टींची बातमी डोळे अर्धे मिटून, मन लावून लिहिणारा वार्ताहर पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला आणि तो नेमका आमच्या दैनिकाच्या पिंपरी कार्यालयात पंख्याखालची खुर्ची अडवून बसायचा. चाकणचा पट्टा त्यांच्याकडे, गाव कुरुळी. सकाळच्या बैठकीत आम्ही खड्डे, कचरा, पाणीकपात यांवर घसा कोरडा करत असू, तेव्हा हे गृहस्थ खिडकीबाहेर कुठेतरी लांब बघत असत. "काय हो, तुमच्या चौकातल्या पुलाचं काय झालं?" असं संपादकांनी दरडावून विचारलं, की ते हळूच म्हणत, "न्हाई झाला अजून. पण झाल्यावर वरून लई लांबचं दिसंल."

तक्रारीची बातमी दिली, की ती तक्रार सुटल्याची बातमीही ते तिच्या जोडीला लिहून ठेवत. "गाऱ्हाणं मांडलं की ते फिटल्याचंबी मांडावं, राव," ते मला समजावत, "न्हाईतर माणूस गाऱ्हाण्यातच ऱ्हातो." त्यांच्या त्या जगात रहाटणीच्या नळांना भरदुपारी पाणी असे, आणि कंपनीतून सुटलेली माणसं नदीकाठी शेंगा खात बसलेली असत. नदीत त्यांनी मासेही सोडले होते, चांगले हातभर लांब. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. पण एखाद्या रटाळ दुपारी मी गुपचूप त्या बातम्या संगणकावर उघडून वाचायचो, आणि खरं सांगतो, फार बरं वाटायचं.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो एका बसमध्ये. कुरुळीच्या वस्तीवरच्या बायका निगडीला बंगल्यांमध्ये स्वयंपाकाला जातात, आणि त्यासाठी हमरस्त्यापर्यंत रोजची तंगडतोड करतात. त्यांना वस्तीवरून थेट बस मिळावी म्हणून यांनी बातम्यांवर बातम्या दिल्या. एका सोमवारी मात्र पान लावणाऱ्याने गडबडीत तक्रारीऐवजी जोडीची बातमी उचलली. कुरुळी ते निगडी बस आजपासून सुरू झाली, खिडकीजवळच्या जागेसाठी बायकांची लटकी भांडणंही झाली, असं सगळं साग्रसंगीत छापून आलं. संपादकांचा चहा कपातच राहिला. "आत्ताच्या आत्ता जाऊन माफी मागा!" ते कडाडले.

मीही सोबत गेलो. वाटेत ते एकदाच बोलले, "आता ह्या बाया माझं लिवलेलं पुन्यांदा वाचायच्या न्हाईत." तेवढी एकच भीती त्यांना होती, नोकरीचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. वस्तीवरच्या चिंचेखाली बायका नटूनथटून पिशव्या घेऊन बसची वाट बघत उभ्या होत्या. यांनी हात जोडले आणि बस अजून सुरूच झालेली नाही, हे सांगून टाकलं. शेवटी एक मावशी म्हणाली, "बस न्हाई तर न्हाई. एवढ्याजणी जमलोय, तर बसच्या हापिसातच जाऊ की. तुमी पेपर घ्या संगती!"

निगडीच्या कार्यालयात मावशीने तो अंक साहेबांपुढे पसरला. "ह्यात छापलंय बस आलीया. मग ती कुठं हाय?" साहेबांनी बातमी दोनदा वाचली आणि तेही खिडकीबाहेर कुठेतरी लांब बघू लागले. मला तेव्हाच वाटलं, हा माणूसही लागला नादाला.

बस सुरू झाली, पण पुढच्या उन्हाळ्यात. त्याआधीच्या हिवाळ्यात आमचे वार्ताहर झोपेतच गेले. बहुधा एखादी बातमी रंगवता रंगवता. बस सुटली त्या दिवशी संपादकांनी तीच जुनी बातमी जशीच्या तशी पुन्हा छापायला दिली.

पहिल्या बसमध्ये मी होतो. बायका धावत चढल्या, हसल्या, गर्दीत दाटीवाटीने उभ्या राहिल्या. खिडकीजवळची एक जागा मात्र रिकामीच होती. मी बसायला गेलो तर मावशीने हात आडवा घातला. "तिथं नगा बसू भाऊ. ती त्यांची हाय."

त्यांच्या बातमीतलं तेवढंच एक खोटं ठरलं. खिडकीच्या जागेसाठी कुणीच भांडलं नाही.