जत्रेतली तिसरी चिठ्ठी

हे लिहू की नको, असं वर्षभर चाललं होतं. या ग्रुपवरचे अमानवीय अनुभव मी नेहमी वाचतो, पण खाली कमेंटमध्ये 'पुरावा काय?' असं विचारणाऱ्यांपैकी मी एक. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, सतरा वर्षं झाली. घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा कुठेतरी लॉग असतोच, या मताचा माणूस. देवळात जातो तेही बायकोबरोबर, चपला सांभाळायला. त्यामुळे मला कुणी पुरावा विचारला तर राग येणार नाही.

आम्ही इंगळे, मूळचे अमरावतीकडचे. पुण्यात धायरीच्या पुढे एका सोसायटीत राहतो. इथल्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसं ओळखू येतील. पूर्वी इथं सगळी शेती होती म्हणतात. आता बिल्डिंगा आहेत, पण मधोमध जुनं गावठाण तसंच आहे आणि चैत्रात तिथं भैरवनाथाची जत्रा भरते. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक त्या दिवशी ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडतात आणि संध्याकाळी तेच लोक आकाशपाळण्याच्या रांगेत उभे दिसतात.

गेल्या वर्षी जत्रेच्या आधी जत्रा कमिटीचे अण्णा घरी आले. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांची. चहा घेता घेता म्हणाले, "इंगळे, गणपतीत तुमचा आवाज ऐकलाय. यंदा जत्रेचा माईक तुम्ही धरायचा. आमचं कुणी धरलं की पंधरा मिन्टांत शिवी जाती भोंग्यावर."

मी म्हटलं, "अण्णा, मला गावातलं कुणी ठाऊक नाही."

"ठाऊक कशाला पायजे? चिठ्ठी येती, ती वाचायची. तुमाला वाचता येतं न्हवं?"

मी हो म्हटलं.

माझे वडील तेव्हा आमच्याकडेच होते. आई गेल्यापासून त्यांना गावी एकटं ठेवणं जमेना म्हणून इथं आणलं होतं. सहा महिन्यांत ते सोसायटीच्या गेटबाहेर पडले नव्हते. जत्रा म्हटल्यावर मात्र स्वतःहून ठेवणीतलं धोतर नेसले, टोपी घातली. माझ्या बायकोला, वर्षाला, फार बरं वाटलं. म्हणाली, "तू माईक सांभाळ, बाबांना मी सांभाळते."

देवळासमोर छोटं स्टेज होतं. त्यावर टेबल, माईक आणि एक स्टीलची ताटली. कुणीही यायचं, ताटलीत चिठ्ठी टाकायची, उडू नयेत म्हणून वर नारळ ठेवलेला. मी एकेक उचलून वाचत होतो. कुणाची पर्स सापडली, कुणाची गाडी पालखीच्या वाटेत लागली, कोणत्या पैलवानाला कुणाकडून फेटा. दुपारचं ऊन रणरणत होतं, पण मजा येत होती, खोटं कशाला सांगू? भोंग्यातून आपलाच आवाज डोंगरापर्यंत जाऊन परत येतोय, हे ऐकायला बरं वाटतं.

पालखी गेली, कुस्त्या सुरू झाल्या. चारच्या सुमाराला एक चिठ्ठी हाताला लागली. निळं बॉलपेन, सरळ, गोल अक्षर. मी वाचली :

"लक्ष्मण धोंडिबा यांनी देवळामागे पाण्याच्या टाकीपाशी यावे. त्यांची माणसे वाट पाहत आहेत."

आखाड्याच्या कडेला बसलेले एक पांढऱ्या मिशांचे आजोबा उठले, धोतर झटकलं आणि हसत देवळामागे निघाले. ते गावातले जुने वस्ताद, सगळे त्यांना तात्या म्हणत. मला त्यांचं नाव तेव्हाच कळलं.

मधे दोन-तीन इतर चिठ्ठ्या झाल्या. मग पुन्हा तेच अक्षर.

"पार्वती विठोबा यांनी देवळामागे पाण्याच्या टाकीपाशी यावे. त्यांची माणसे वाट पाहत आहेत."

समोरच्या ओळीत बांगड्यांचं दुकान मांडलेली म्हातारी एकदम मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. बघतच राहिली. मग शेजारणीला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगून तीही गेली.

पुढची चिठ्ठी मी उघडली, पुन्हा तेच अक्षर. माईकजवळ तोंडही नेलं होतं, तेवढ्यात नाव दिसलं...

"वामन सखाराम यांनी..."

वामन सखाराम म्हणजे माझे वडील.

पुण्यात त्यांचं हे नाव कुणाला माहीत नाही. सोसायटीत ते 'इंगळे काका', वर्षा त्यांना बाबा म्हणते. आणि त्यांची माणसं? त्यांची इथली माणसं म्हणजे मी आणि वर्षा. मी इथं बसलेलो, वर्षा त्यांच्या शेजारी. मग टाकीपाशी वाट कोण पाहत होतं?

मी वाचलं नाही. एक अक्षरही बोललो नाही, हे पुन्हा लिहितो. शेजारी साउंडवाला बसला होता, त्याला खूण करून माईक बंद करायला लावला. चिठ्ठी खिशात घातली आणि स्टेजवरून उतरलो. का, ते सांगता येणार नाही. भीती अशी नव्हती. आधी बाबा कुठं आहेत ते बघायचं होतं, एवढंच.

आखाड्यापाशीच्या गर्दीतून वाट काढत असताना आवाज झाला. स्फोटासारखा नाही... ट्रकमधून एकदम खडी ओतावी तसा. मग देवळामागून धुळीचा लोट वर आला आणि हलगी थांबली.

देवळामागे पूर्वी विहीर होती. राडारोडा टाकून ती कधीच बुजवली होती. त्या वर्षी जत्रेसाठी नेमकी तिथंच पाण्याची मोठी टाकी भरून ठेवलेली. तिच्या वजनानं जमीन खचली आणि टाकीसकट सगळं आत गेलं. इथपर्यंत सगळ्याचं कारण आहे, त्यात अमानवीय काही नाही.

तात्या त्यात गेले. बांगडीवाल्या आजी कडेला होत्या म्हणून वाचल्या, पण खुब्याचं हाड मोडलं. तिथं तिसरं कुणी नव्हतं.

बाबा मला रस्त्याकडेच्या एका ओट्यावर सापडले. वर्षा शेजारी उभी, चेहरा पांढराफटक. मी बाबांचा हात धरायला गेलो तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, घाबरलेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांचा मुलगा आमच्या दारात आला. चांगला धिप्पाड माणूस, आत यायला तयार नाही. म्हणाला, "तुमी बोलावलं म्हनून माझा बाप तिकडं गेला. तुमाला कुनी सांगितलं, एवढंच इचारायचंय."

मी म्हटलं, "चिठ्ठी आली होती."

"कुनाची?"

"माहीत नाही."

तो जायला वळला. मग म्हणाला, "आमी सगळी घरचीच कुस्त्या बघत होतो. मागं आमचं कुनीच नव्हतं." आणि गेला. मी दार लावलं. ज्या आवाजावर तात्या उठून गेले तो आवाज माझा होता, यातून मला सुटका नाही.

अण्णांनी सगळ्या कार्यकर्त्यांना विचारलं. ताटलीतल्या वाचून झालेल्या चिठ्ठ्या पिशवीत ठेवल्या होत्या, त्या मी आणि अण्णांनी देवळाच्या ओट्यावर पसरून तपासल्या. पर्स, गाड्या, फेटे, सगळ्या होत्या. त्या दोन नव्हत्या. तिसरी माझ्या खिशात होती, ती अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, परत दिली आणि म्हणाले, "हे अक्षर गावातलं न्हाय. आन् आता कुनाला दाखवत बसू नका."

बांगडीवाल्या आजींना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो. माफी मागायची होती. त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारला. "दादा, माझ्या बापाचं नाव विठोबा, हे तुमाला कसं ठावं? लगीन होऊन पन्नास वर्सं झाली. तवापासनं मला त्या नावानं कुनीच बोलावलं न्हाय. म्हनून तर गेले... म्हटलं, माहेरचं कुनी आलं असंल."

मी हात जोडले आणि माफी मागून निघालो.

बाबा आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. जेवायचे, टीव्ही बघायचे, वर्षाशी बोलायचे. शेवटी एका रविवारी मी जाऊन त्यांच्या खाटेवर बसलो आणि काय झालंय ते विचारलं.

ते म्हणाले, "काऊन रे, बापाले असं चारचौघांत नुसत्या नावानं बोलावतेत काय? वामन सखाराम म्हने. ना श्री, ना काही. मले रागच आला. म्हटलं, बोलाव कितीबी, मी नाई येत, जाय. अन् उलट्या अंगाले जाऊन बसलो."

"बाबा, कोणाचा आवाज होता?"

"तुहाच की. दोनदा बोलावलं तू."

वर्षा दारातच उभी होती. नंतर स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांच्या शेजारीच होते रे. त्या बांगडीवाल्या आजींच्या नावानंतर भोंग्यावर काहीच आलं नाही. बाबा एकदम उठले आणि रागारागानं चालायला लागले, म्हणून मी त्यांच्या मागे गेले." साउंडवाल्याला फोन केला. माईक बंद होता, तो पुन्हा चालू केलाच नाही, असं त्यानं सांगितलं.

त्या चिठ्ठ्या कुणी टाकल्या, देवळामागे कोण वाट पाहत होतं, आणि माझ्या आवाजात बाबांना कुणी बोलावलं, यातलं मला आजही काही माहीत नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा. मी विचार करून थकलोय.

बाबांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्यांची समजूत आहे तशीच राहू दिली. त्या रविवारीच त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, चुकलं बाबा, असं नावानं नको होतं बोलवायला.

त्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे. पुढं ध्यानात ठेव."