आईंचं मत आणि झोपाळ्याचा कायदा

त्या दिवशी सकाळी मी पनवेलला निघाले तेव्हा आई झोपाळ्यावर बसल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, चांगुणाबाई. सगळ्या गावाच्या चांगूआजी. एक पाय वर दुमडलेला, दुसऱ्या पायानं जमिनीला हलका रेटा, मांडीवर सूप आणि सुपात वालाच्या शेंगा. मी चपला घालत होते तर म्हणाल्या, "ओले बोंबील गावले तर आन गो. आन् नंदूशेठ दिसला तर त्याला सांग, चांगुणा अजून हाय." नंदूशेठ म्हणजे आमच्या गावातल्या सत्ताधारी पॅनलचे कर्तेधर्ते. वर्षानुवर्षं त्यांना हा निरोप जायचा आणि तेही हसून "असू दे, असू दे" म्हणायचे. मी मच्छीबाजारात बोंबील निवडत होते तेव्हा यांचा फोन आला. "आई गेली गं... बसल्या बसल्याच." समोरची मावशी म्हणत होती, घे ना ताई, ताजे हायेत. मी घेतले. का घेतले, देव जाणे. नेऱ्याच्या रस्त्यानं घरी येईपर्यंत ती पिशवी मांडीवर होती आणि मी रिक्षावाल्याला सारखं सांगत होते, जरा लवकर चल रे, आई वाट बघतायत.

अंगणात माणूस मावत नव्हता. नंदूशेठ आले, हार घातला, हात जोडून बराच वेळ उभे राहिले आणि मग नाक पुसत म्हणाले, "आमच्याविरुद्धचं एक हक्काचं मत गेलं." विरोधी बाजूचा एक जण मागून म्हणाला, "म्हणजे आमचं गेलं." तेवढ्यात आमचे म्हातारे चुलत सासरे खेकसले, "तुमचं कसलं रे? तुमी निवडून आले असते तर तुमच्याबी विरुद्धच गेलं असतं!" आणि मयताच्या दारात लोक हसले. मीही हसले, पदर तोंडात कोंबून, आणि हसता हसता जे रडू आलं ते थांबेना.

आता ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे, म्हणजे राज्यात घ्या नाहीतर तालुक्यात, एका वेळी एकच पक्ष असतो. तो कधीमधी बदलतो, पण बदलतो म्हणजे काय, सगळेच्या सगळे उठून नव्या मांडवात जाऊन बसतात. वर तोच, खाली तोच, ग्रामपंचायतीत त्याचंच पॅनल. विरोधात उभा राहणारा म्हणजे एकतर वाटणीवरून बिनसलेला भाऊ, नाहीतर लग्नात मान न मिळालेला जावई. अशा गावात आमच्या आईंनी जन्मभर एकच नेम पाळला. जो निवडून आलेला आहे, त्याला मत नाही. पक्ष कुठला, माणूस कुठला, जातीचा की नात्यातला, काही बघायचं नाही. त्यांचं मत बहुतेक वेळा पडलेल्यालाच जायचं आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नसायचं. मतदानाच्या दिवशी हिरवं लुगडं, नाकात नथ, केसांत अबोली. गाडी नंदूशेठच पाठवायचे, कारण म्हाताऱ्या माणसांना आणायचं पुण्य त्यांनाच हवं असायचं. आई ऐटीत पुढच्या सीटवर बसायच्या. "गाडी त्याची, मत माजं," असं ड्रायव्हरच्या तोंडावर सांगायच्या.

आणि या नेमाचा दुसरा भाग म्हणजे झोपाळा. जुन्या घराच्या ओटीवरचा सागवानी झोपाळा, पितळी कड्यांचा. जमिनी सरकारनं घेतल्या, मोबदल्यात बंगला उठला, आत सोफासेट आला; पण पोर्चमध्ये ग्रॅनाइटच्या लादीवर आईंनी तोच झोपाळा टांगून घेतला. शेजारी चटई. गावातलं कुणीही आलं की आई जरा सरकायच्या आणि म्हणायच्या, बस. मात्र निवडून आलेल्या माणसाला झोपाळा नाही. त्यानं चटईवर बसायचं. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला आला तर त्याला आपल्या शेजारी झोपाळ्यावर जागा आणि वर चहा. मी उरणकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली, बीए झालेली. लग्न होऊन आले तेव्हा हा कायदा पाहून मला वाटलं होतं, सासू जरा चक्रमच दिसतेय.

एकदा विधानसभेच्या वेळी खुद्द आमदार आले. मागे पंधरावीस पांढरे शर्ट. सवयीनं ते झोपाळ्याकडे वळले तर आई म्हणाल्या, "साहेब, तुमी चटईवर." नंदूशेठचा चेहरा पडला. ते कानाशी लागून काहीतरी पुटपुटले. आमदार हसले आणि त्या घट्ट विजारीत कशीबशी मांडी घालून खाली बसले. फोटोवाल्यानं तेवढ्यात पाच-सहा फोटो मारले. आठवड्यानं नाक्यावर हा भला मोठा बॅनर, चटईवर बसलेले आमदार आणि वर अक्षरं, 'मातीशी नातं जपणारा नेता'! आईंनी यांना स्कूटर काढायला लावली, मागे बसून नाक्यावर गेल्या आणि बॅनरसमोर उभ्या राहून इतक्या हसल्या की पानवाला पाणी घेऊन धावला. "बसवला मी, आन् नाव त्याचं!" मत अर्थातच त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्या उमेदवाराचं नाव त्यांना केंद्रात गेल्यावरच कळलं असेल.

मग सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि नंदूशेठ आमच्या घरी आले. शिकलेली सून तुमचीच, तिला उभी करू या, म्हणाले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आईंनी विचारलं, "कुनाच्या पॅनलात?" मी म्हटलं, नंदूशेठच्या. "मग मना जमायचं नाय गो. त्यांचंच पॅनल बसलेलं हाय." मी हसण्यावारी नेलं. मी निवडून आले, गुलाल उधळला, घरी येऊन दमून झोपाळ्यावर टेकणार तोच आई म्हणाल्या, "आं आं... तू आता खाली." मला वाटलं, चेष्टा करतायत. छे! रोज संध्याकाळी ज्या झोपाळ्यावर आम्ही दोघी शेंगा सोलत गप्पा मारायचो, तिथली माझी जागा पाच वर्षांसाठी गेली. मी चटईवर, त्या वर. माया मात्र तसूभर कमी नाही. तापानं फणफणले तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या, पण बरी झाल्यावर पेज दिली ती चटईवरच.

मी काम केलं हो. शाळेची छपरं, पाड्यावरचा रस्ता, स्मशानातली शेड. प्रत्येक काम झालं की मी चटईवर बसून आईंना सांगायची आणि मनात म्हणायची, बघू आता कशी नाही म्हणतात. दुसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा मला गावाच्या मतांपेक्षा या एका मताची हाव सुटली होती. एका दुपारी सरळच विचारलं, "आई, माझं काम वाईट आहे का?"

"बरं हाय की."

"मग मत का नाही देत?"

त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. म्हणाल्या, "मी लगीन होऊन आलू तवा सरपंच दर टायमाला बिनविरोध यायचा. आमी बाया गाढी नदीवरनं पानी आनायचो. डोक्यावर हंडा, कडेला पोर. सरपंच रोज बगायचा आन् बोलायचा, व्हईल गो, व्हईल. एक साली आमच्या आळीतल्या बाबूनं त्याच्याविरुद्ध अर्ज भरला. बाबू म्हंजे काय, ताडी पिऊन पडलेला असायचा, त्याला घरचीबी मतं नाय पडली. पन अर्ज भरला त्याच महिन्यात गावात पाइप आला, दारात नळ आला. आता सांग, नळ कोनी आनला?"

"सरपंचानंच की," मी म्हटलं.

"बाबूनं आनला. पडला त्यानं आनला. सरपंचाला वाटलं, उद्या कुनी खरंच उठवला तर? माजं मत कायम नळाला जातंय गो, मानसाला नाय. तू चांगली हायस, म्हनून तुना जास्त भ्या वाटाया पायजे."

मला राग आला. खूप राग आला. घरच्या माणसाकडून शाबासकी हवी होती, आणि मिळाला बाबू! मी दोन दिवस धड बोलले नाही. मतदानाच्या दिवशी आई नेहमीसारख्या नटून गेल्या, बाहेर येऊन बोटाची शाई दाखवत मलाच म्हणाल्या, "तुज्याविरुद्ध दिलं हां. नंतर कुनी सांगन्यापेक्षा मीच सांगते." समोर उभी होती प्राजक्ता, कळंबोलीजवळ रोडपालीला नोकरीला जाणारी, गावातलीच तरणीताठी पोर. आणि मोजणीत ती निवडून आली.

मी घरी आले ती भडकूनच. "आई, तुम्ही मला पाडलंत!"

"मी एकटीनं? माज्या एका मतानं तू पडत असशील तर मग पडायला पायजेच होती." असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि मला झोपाळ्यावर ओढलं. समोर ताट. तांदळाची गरम भाकरी आणि वालाचं बिरडं. म्हणजे मी पडणार हे धरून बाईंनी दोन दिवस आधीच वाल भिजत घातले होते का, की जिंकले असते तरी हेच ताट चटईवर आलं असतं, ते मी कधी विचारलं नाही. पाच वर्षांनी त्या फळीवर टेकले, आईंनी पायानं रेटा दिला, कड्या कुरकुरल्या, आणि मी पोटभर रडून पोटभर जेवले. "आता पुडच्या टायमाला माजं मत तुना," त्या म्हणाल्या. "पक्कं."

पुढं काय झालं ते आमच्या तालुक्यात कुणालाही सांगायची गरज नाही. वर्षाच्या आत प्राजक्ताचं सगळं पॅनल नंदूशेठच्या मांडवात गेलं. विकासासाठी, म्हणे. आता शेठची सरपंच ती, म्हणजे मी आपोआप विरोधी झाले, काही न करता! आईंना ही बातमी कळली तेव्हा त्या टाळी वाजवून हसल्या. "बगलंस? बसला की झाला त्यांचा." त्या दिवसापासून त्यांनी माझा प्रचार सुरू केला, निवडणुकीचा पत्ता नसताना. दूधवाला येवो, गॅसवाला येवो, "यंदा माजं मत आमच्या सुनंला हां," असं अभिमानानं सांगायच्या. गॅसवाला बिचारा दुसऱ्याच तालुक्यातला. प्राजक्ता घरी आली की तिला चटई, आणि तीही गुमान बसायची, आजींच्या पाया पडायची, आजी तिला शेंगा सोलायला लावायच्या. मी वर बसून बघायची आणि मला फार बरं वाटायचं, हेही कबूल करते. मी त्या मताची वाट बघत होते. हिरवं लुगडं नेसून, नथ घालून, नंदूशेठच्या गाडीत बसून आई मला मत द्यायला जातील... हे चित्र मी कितीदा डोळ्यांसमोर आणलं असेल!

ते मत आता पडायचं नाही. याचं मला दुःख आहे, साधंसरळ दुःख आहे.

तेराव्याला जेवणावळ आटपली तेव्हा नंदूशेठ माझ्याजवळ आले आणि गंभीर होऊन म्हणाले, "वहिनी, एक सुचवतो. आजींच्या आठवणीसाठी पुढची निवडणूक आपण बिनविरोध करू या." त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि का हसतेय ते कळल्यावर शेठही हसत सुटले. "चुकलो, चुकलो," म्हणत त्यांनी आईंच्या फोटोपुढं कान धरले.

परवा संध्याकाळी प्राजक्ता आली. सरपंच झाल्यापासून गाडीतून फिरते, पण फाटकापासून चालत आली. पोर्चमध्ये झोपाळा रिकामा होता. मीही त्या दिवसापासून त्यावर बसले नव्हते. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. मी म्हटलं, ये गं, बस झोपाळ्यावर, आता कोण बोलणार आहे. तिनं मान हलवली, कोपऱ्यातली चटई आणली, झटकली, अंथरली आणि तिच्यावर बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकी, शेठ बिनविरोधचं सगळीकडे बोलतायत. तुम्ही उभ्या राहणार ना?"

"का गं, तुला पडायची हौस आलीय?"

"तसं नाही हो..." तिनं चटईची काडी ओढली. "पण तुम्ही नाही राहिलात, तर मला खाली कोण बसवणार?"

मी उठले, आत गेले, चहा टाकला. बाहेर येऊन आईंच्या जागेवर, झोपाळ्याच्या डाव्या बाजूला बसले आणि पायानं हलका रेटा दिला. कड्या कुरकुरल्या. "राहणार," मी म्हटलं, आणि प्राजक्ताला चहा खालीच दिला.