रोटाला बसणारी माणसं

माझी थोरली बहीण गेल्या वर्षी मार्गशीर्षात, एका मंगळवारी दुपारी, धुळ्याच्या रुग्णालयात वारली. कारण यकृताचा कर्करोग. त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, आमचा मोठा भाऊ याच आजाराने गेला होता. भावाचं निदान झालं तेव्हा घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी झाली. तिची झाली नाही.

आम्ही तीन भावंडं. भाऊ मोठा, मग ती, मग मी. तिला आम्ही अक्का म्हणायचो. गाव सोनगीरजवळ; भावाचं हायवेला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. अक्का साक्रीकडे दिलेली. मी जळगावला एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे.

त्या उन्हाळ्यात भावाचं जेवण कमी झालं. पँट कमरेवर राहीना, म्हणून त्याने पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली. मी त्याला जळगावला बोलावून घेतलं. सोनोग्राफीत यकृतात मोठी गाठ दिसली आणि रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला.

"पण मला कावीळ कधी झालीच नाही," भाऊ डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना होत नाही. हा विषाणू बाळंतपणात आईकडून मुलाकडे आला, तर बहुधा जन्मभर राहतो. दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. आतल्या आत यकृताच्या पेशी मरत असतात आणि नव्या तयार होत असतात. अनेक वर्षं हे चालतं. यकृतावर वण पडत जातात आणि या घडणीत कधीतरी एखादी पेशी बिघडते. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. आधी कळलं असतं तर गोळी देता आली असती आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून गाठ लहान असतानाच पकडता आली असती. आई तेव्हा हयात नव्हती. विषाणू तिच्याकडूनच आला असावा, असं ते म्हणाले. खात्री करण्याचा मार्ग उरला नव्हता.

"भावंडांची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करा," असं त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं.

गावात मात्र लिव्हर म्हटलं की दारू. भावाने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दुकानासमोरचा चहावाला त्याला म्हणाला, "भाऊ, बाटली कोठे दपाडीसन ठेवस रे?"

"तुना घर ठेवस," भाऊ म्हणाला. "तू पी टाकस म्हनीसन माले भेटत नही."

चहावाला हसला. त्याचा समज बदलल्याचं दिसलं नाही.

तपासणीचं आमच्या नानांनी ठरवलं. नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, भाऊबंदांत आता सर्वांत वडील. ते म्हणाले, "एकेकले धुयाले कोन ली जाई? रविवारे कानबाई शे. बठ्ठा येतस. त्या लॅबवाल्याले आठेच बलावी ले."

कानबाई ही आमच्याकडची देवी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. एरवी पुण्याला, सुरतला, नाशिकला असलेले भाऊबंद त्या दिवशी एका घरात जमतात. गव्हाच्या पिठाचे रोट नैवेद्याला होतात. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, अशी रीत आहे. लग्न होऊन आलेली सून रोटाला बसते. लग्न होऊन गेलेली लेक बसत नाही. तिचं कूळ बदललेलं असतं. अक्का त्या वर्षी भावाला बघायला म्हणून आली होती.

लॅबवाला धुळ्याहून मोटारसायकलवर आला. ओसरीवर खुर्ची ठेवली. एकेकाने बाही वर करून बसायचं. आधी चुलतभाऊ, मग त्यांच्या बायका, मग मुलं. मुलं रडत होती. अक्का त्यांना मांडीवर घट्ट धरत होती आणि सुई निघाली की कापूस दाबत होती. एका चुलतभावाला सुई बघूनच घाम फुटला. "हाऊ मिलिटरीमा जानार व्हता," असं त्याची बायको म्हणाली आणि सगळी ओसरी हसली.

नळ्या भरून झाल्यावर लॅबवाल्याने विचारलं, "झाले सगळे?"

"बठ्ठा व्हयनात," नाना म्हणाले.

त्याने अक्काकडे बघितलं. "ताई, तुमचं राहिलं."

"ती पाव्हनी शे, साक्रीनी," नाना म्हणाले.

अक्का कापसाचे बोळे गोळा करत होती. "मी ते पाव्हनी. माले रोट बी नही नि सुई बी नही. बरं शे."

सगळे हसले. लॅबवाल्यानेही पेटी बंद केली. त्याला पुरणपोळी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वाढली. रोट दिला नाही.

अहवाल तीन-चार दिवसांनी आले. चुलतभाऊ, त्यांच्या बायका, मुलं, सगळे निगेटिव्ह. वहिनी आणि तिची मुलंही निगेटिव्ह. त्यांना लस द्यायला सांगितली. मी पॉझिटिव्ह निघालो. जळगावच्या डॉक्टरांनी मला रोजची एक गोळी सुरू केली आणि विचारलं, "तुम्ही तिघं ना? बहिणीचा अहवाल कुठे आहे?"

मी त्याच दिवशी अक्काला फोन केला.

"माले काय व्हयनं?" ती म्हणाली. "भूक लागस, झोप लागस, दिनभर वावरमा ऱ्हास."

"भाऊलेबी पहिले भूक लागे."

ती म्हणाली, "पोरनं लगीन व्हवू दे. आते रगत तपासं ते याहीले काय सांगू? मंग तू म्हनशी तठे ईसू."

तिची एकुलती एक मुलगी. सोयरीक जमली होती, तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्तावर बार उडवायचा होता. आईच्या रक्तात काही निघालं तर मुलीच्या रक्ताची चौकशी होईल आणि सोयरीक मोडेल, एवढीच तिची भीती होती. मी दाजींशीही बोललो. ते म्हणाले, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे.

दिवाळीनंतर भाऊ गेला. घरात दुःख झालं म्हणून लग्न पुढे ढकललं, ते वैशाखात झालं. तपासणीही तेवढीच पुढे गेली. लग्नात अक्का बारीक दिसत होती. लग्नघरात आईचं असंच होतं, असं बायका म्हणाल्या. मी तिला मांडवातच आठवण केली. "पेरनी व्हवू दे," ती म्हणाली.

नवरात्रात तिचं पोट फुगलं. धुळ्याला नेलं. पोटात पाणी होतं, यकृतात एकाहून जास्त गाठी होत्या, एक गाठ मुख्य रक्तवाहिनीत शिरलेली होती. शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती. आदल्या वर्षीच्या श्रावणात तपासलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. गाठी त्या वेळी होत्या की नव्हत्या, हे आता सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

कार्तिक संपताना नाना तिला बघायला गावाहून एसटीने आले. तिच्या हाताला सलाइन होती. तिने तो हात थोडा उचलून दाखवला. "नाना, आते माले बी भेटनी सुई."

नानांनी आणलेली मोसंबी एकेक करून टेबलावर मांडली.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "पोरनं रगत तपास. तिना सासुले मी सांगस." दोन दिवसांनी तिने विहिणीला बोलावून घेतलं आणि पलंगावर उशीला टेकून बसून स्वतः सगळं सांगितलं. भाऊचं, माझं, स्वतःचं. मी दाराशी उभा होतो. विहीण शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हाई लगीनना पहिले सांगतात ते?"

"ते तुम्ही मनी पोर सून करी नही लेतात," अक्का म्हणाली.

विहीण उठली. जाताना तिने विचारलं, तपासणी कुठे करायची.

भाची त्या वेळी तिसऱ्या महिन्यात होती. ती जन्मली तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. अक्काला तो मीच सांगितला. तिने बाळाचं विचारलं. मी सांगितलं, जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं देतात, एक लस आणि एक तयार प्रतिपिंडांचं. बहुतेक बाळं वाचतात.

"जन्मल्याबरोबर म्हंजे कव्हय?"

"त्याच दिवशी. होता होईल तितकं लवकर."

"तू तठे ऱ्हाय," ती म्हणाली.

त्यानंतर आठवड्याभरात ती गेली.

भाचीच्या रक्तात विषाणूचं प्रमाण जास्त होतं, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत तिला गोळी दिली. तिची सोनोग्राफी स्वच्छ आहे. ती दर सहा महिन्यांनी करायची आहे. यंदा आषाढात, सकाळी, धुळ्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली. सासू आणि मी बाहेरच्या बाकावर होतो. थोड्या वेळाने नर्स बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली आणि तिने दोन्ही इंजेक्शनं दिल्याचं सांगितलं. सासूने दुपटं बाजूला केलं. बाळाच्या दोन्ही मांड्यांवर कापूस चिकटवलेला होता.